केबिन बॅगेत विणकाम नेताना: सुया, कात्री, लोकर आणि सुईवरचे टाके

मोगरा

प्रवास असा आहे: मुंबई – फ्रँकफर्ट – शिकागो आणि तिथून पुढे अमेरिकेतलंच छोटं विमान. विणकाम केबिन बॅगेत न्यायचं आहे. सुईवर आहे ते बाळाचं स्वेटर, गळ्यापासून खाली विणत येणारं, ४ मिमीची सुई (आपली ८ नंबरी), सध्या १८० टाके. शिवाय पायमोज्यांची एक जोडी वाटेत सुरू करायची आहे.

प्रश्न असे. सुया कोणत्या प्रकारच्या न्याव्यात? कात्रीचं काय? तपासणीत सुई काढून घेतलीच तर टाक्यांचं काय करायचं? आणि लोकर किती जवळ ठेवायची, किती मोठ्या बॅगेत टाकायची?

जालावर सापडतं ते बहुतेक अमेरिकेतून निघणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. भारतातून निघणाऱ्यांसाठी एका जागी माहिती असावी म्हणून हा धागा.

उलटसुलट

मोगरा, आधी वाटेत किती वेळा तपासणी होणार ते मोजा. विमानं तीन आणि तपासण्याही तीन, पण तिन्ही ठिकाणी नियम वेगळे.

मुंबईला तपासणी सीआयएसएफ करते. इथे कात्रीचा विचार सोडूनच द्या. टोकदार धातूची कात्री केबिनमध्ये न्यायला मनाई असलेल्या वस्तूंमध्ये येते. सुयांच्या बाबतीत टेबलापाशी उभा असलेला जवान काय ठरवेल ते शेवटचं. त्यामुळे एकाच प्रकारच्या सुया एका रांगेत जातात आणि शेजारच्या रांगेत थांबवल्या जातात, असं होऊ शकतं. तयारी ‘सुई गेली तरी टाके राहिले पाहिजेत’ एवढ्या एका गोष्टीची करायची.

फ्रँकफर्टला भारतातून आलेल्या प्रवाशांची पुन्हा तपासणी होते. युरोपीय संघाच्या नियमात कात्रीचं पातं ६ सेमीपेक्षा लांब नको आणि मोजायचं ते मधल्या स्क्रूपासून टोकापर्यंत. पूर्ण कात्रीची लांबी मोजायची नाही. विणायच्या सुया त्या निषिद्ध यादीत नाहीत.

शिकागोला इमिग्रेशन झालं की चेक-इन बॅगा ताब्यात घ्यायच्या, कस्टम्समधून जायचं, पुढच्या विमानासाठी बॅगा परत द्यायच्या आणि मग टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेची तपासणी. टीएसए सुया आणि क्रोशे दोन्ही केबिनमध्ये जाऊ देते. कात्री स्क्रूपासून ४ इंचांपेक्षा कमी असली तर चालते. हा ४ इंचांचा नियम २२ डिसेंबर २००५ पासून आहे. त्याआधीच्या काही वर्षांत टोकदार धातूची कात्री चालत नव्हती, म्हणून जुने लेख वाचताना तारीख बघा. मात्र तिथेही शेवटचा शब्द तपासणाऱ्या अधिकाऱ्याचाच, तसं त्यांनी लिहूनच ठेवलं आहे.

तीन नियमांतला सर्वांत कडक तो आपला नियम. कात्री चेक-इन बॅगेत, अगदी वर, हाताला लगेच लागेल अशी ठेवा. शिकागोला बॅग ताब्यात आली की हवी तर केबिन बॅगेत घेता येते.

लंडनमार्गे जाणाऱ्यांसाठी: ब्रिटनमध्ये सुया चालतात आणि कात्री ६ सेमीपर्यंत. कॅनडातही तसंच. आखाती विमानतळांवर विमान बदलताना पुन्हा तपासणी होते, तेव्हा मुंबईत सुटलेली वस्तू तिथेही सुटेल असं धरून चालू नका.

नऊनंबरी

सुयांबद्दल मी लिहिते.

आपल्या घरोघरी असतात त्या पोनीच्या ३५ सेमी लांब सरळ ॲल्युमिनियमच्या सुया केबिनसाठी सर्वांत गैरसोयीच्या. इकॉनॉमीतली सीट साधारण ४३ ते ४६ सेमी रुंद. त्यात ३५ सेमीच्या दोन सुया दोन्ही बाजूंना आडव्या होतात आणि प्रत्येक टाक्याला कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जातं. सुई खाली पडली की घरंगळत मागच्या ओळीत. तपासणीच्या स्क्रीनवरही लांब टोकदार धातूची काडी म्हणून ती लगेच नजरेत भरते. घरी उत्तम, विमानात नको.

केबलची गोल सुई घ्या, सपाट विणायचं असलं तरी. दोन्ही टोकं प्रत्येकी १२–१३ सेमीची, मधे लवचीक केबल, विणलेल्याचं वजन मांडीवर. पडली तर पूर्ण विणकामासकट पडते, म्हणजे हरवत नाही.

त्यातही सुट्या टोकांची, म्हणजे केबलला टोकं स्क्रूने बसतात ती. इंटरचेंजेबल म्हणून दुकानात मिळते. निटप्रो कंपनीच्या भारतात सहज मिळतात. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. तपासणीत सुईला हरकत घेतली तर दोन्ही टोकं फिरवून काढायची, केबलच्या दोन्ही तोंडांना टोपणं लावायची, टोकं देऊन टाकायची. १८० टाके केबलवर जसेच्या तसे राहतात. वीस-तीस सेकंदांचं काम. निटप्रोच्या केबलच्या पाकिटात दोन टोपणं आणि एक किल्ली असतेच. ती टोपणं घरी डब्यात राहतात हीच नेहमीची चूक. विणकामाच्या पिशवीला सेफ्टी पिनने अडकवून ठेवा.

केबलच्या पाकिटावरची लांबी टोकांसकट धरलेली असते हे लक्षात असू द्या. ६० सेमी लिहिलेली केबल प्रत्यक्षात ३५ सेमी, ८० लिहिलेली ५६ सेमी, १०० लिहिलेली ७६ सेमी. तुमच्या १८० टाक्यांना ८०ची योग्य. ६०वर टाके दाटतात, आणि नुसत्या केबलवर टोपणं लावून ठेवायची वेळ आली तर ३५ सेमीत १८० टाके कोंबावे लागतात, टोपणावर ताण येतो आणि ते निसटतं.

पाचसुया

नऊनंबरी ताईंच्या सगळ्याला अनुमोदन. एक भर.

स्क्रूचा जोड विणता विणता सैल होतो. अर्धा फेरा सुटला तरी फटीत लोकर अडकते आणि पूर्ण सुटला तर टाके घसरून खाली येतात. विमानात कमी उजेडात हे लवकर कळत नाही. केबलच्या तोंडाशी बारीक भोक असतं, त्यात किल्ली घालून एका हाताने ती धरायची, दुसऱ्या हाताने टोक रबराच्या तुकड्यात पकडून आवळायचं. नुसत्या बोटांनी आवळलेलं टिकत नाही. किल्ली नसेल तर कागदाची यू-पिन सरळ करून चालते. आटे वाकडे बसले तर जोर लावू नका, उलट दिशेने एक फेरा फिरवून पुन्हा लावा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा घासले की ती जोडी गेलीच.

मोगरा

माझी सुई अखंड आहे, टोकं सुटी होत नाहीत. स्वेटर दुसऱ्या सुईवर चढवावं लागेल का?

नऊनंबरी

चढवाच. पाच-सात मिनिटांचं काम आहे. नवी ४ मिमी सुई उजव्या हातात घेऊन टाके न विणता एकेक सरकवत जायचं, टाक्याचा उजवा पाय पुढे राहील असं. घाईत टोक मागून घातलं तर टाका पिळतो आणि पुढच्या ओळीत प्रत्येक टाका मागच्या बाजूने विणून सरळ करावा लागतो.

त्याहून चांगला उपाय: पुढची ओळ डाव्या हातातली जुनी सुई आणि उजव्या हातातली नवी सुई अशी विणून काढायची. ओळ संपली की स्वेटर आपोआप नव्या सुईवर.

उलटसुलट

आणि अखंड सुईच न्यायची असेल तर लाईफलाईन, म्हणजे ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून ओवलेला राखणीचा दोरा, घातल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

पद्धत सांगते. क्रोशाचा सुती दोरा घ्या, लोकरीपेक्षा बारीक, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा. लोकरीची लाईफलाईन नको. तिचे तंतू टाक्यांत अडकतात आणि ओढून काढताना टाके ताणले जातात. लांबी: ४ मिमीवर साधारण १० सेमीत २२ टाके धरले तर १८० टाके म्हणजे ८२ सेमी. दोन्ही बाजूंना २० सेमी शेपूट धरून सव्वा मीटर दोरा पुरे. स्वेटर शिवायच्या बोथट सुईत तो ओवून, विणायच्या सुईला लागून, प्रत्येक टाक्यातून न्यायचा. खुणेच्या रिंगा टाळून, त्यांच्या खालून. रिंगेतून दोरा गेला तर पुढची ओळ विणताना रिंग तिथेच अडकते. दोन्ही टोकांना एकमेकांत सैल गाठ.

सुट्या टोकांची निटप्रो असेल तर सुई ओवायचीही गरज नाही. किल्ली घालायच्या त्या भोकातून दोरा घालायचा आणि एक ओळ नेहमीसारखी विणायची. केबल टाक्यांतून सरकताना दोराही बरोबर ओढून नेते. ओळ संपली की भोकातून सोडवायचा.

लाईफलाईन कुठल्या ओळीला घातली ते कागदावर लिहा. पुढे टाका निसटला आणि उसवायची वेळ आली तर दोऱ्यापर्यंत येऊन उसवणं आपोआप थांबतं. तिथून टाके सुईवर उचलताना कितवी ओळ आहे हे कळायला हवं, नाहीतर वाढीचा हिशेब चुकतो. गळ्यापासून येणाऱ्या स्वेटरला दर दुसऱ्या ओळीला आठ टाके वाढतात, म्हणजे एका ओळीची चूकही दंडाच्या चारही रेषांवर दिसते.

क्रोशेवाली

क्रोशे नेणाऱ्यांसाठी चार ओळी. सुई १५ सेमीच्या आसपास, टोक आकड्याचं आणि बोथट. एका वेळी एकच टाका जिवंत, म्हणजे सुटला तर उसवेल असा असतो. त्या टाक्यात कुलूपवाली प्लॅस्टिकची रिंग अडकवली की क्रोशे काढून घेतला तरी काही उसवत नाही. मुंबईच्या रांगेत फार काळजी करायची नसेल तर विमानासाठी क्रोशेचंच काम ठेवा. फक्त ट्युनिशियन क्रोशेची लांब सुई असेल तर तिला विणायच्या सुईचे सगळे नियम लावा, कारण तिच्यावर पूर्ण ओळीचे टाके जिवंत असतात.

निळी लड

कात्रीऐवजी गळ्यात घालायचं गोल पदकासारखं दोरा-कटर मिळतं, खाचा असलेलं. ते चालेल ना? दिसायला कात्री नाही, पातंही बाहेर दिसत नाही.

उलटसुलट

नाही! हे फार महत्त्वाचं आहे. त्या पदकाच्या आत गोल पातं असतं. टीएसएने छोटी कात्री चालू दिली आहे, पण पातं असलेली गोल दोरा-कटरं चेक-इन बॅगेतच टाकायला सांगितली आहेत. रांगेत ती हमखास काढून घेतली जातात.

पाचसुया

मुळात विमानात लोकर कापावी कशाला लागते हे बघा. फक्त दोन वेळी: रंग बदलताना आणि काम संपताना. एका रंगाचं, न संपणारं काम घेतलं की कात्रीचा प्रश्नच मिटतो. गुंडा संपला तर शेपूट लोंबतं ठेवून नवा सुरू करायचा, शेपटं घरी गेल्यावर ओवायची.

पट्टे असतील तर तुकडे घरीच कापून घ्या. सुलट विणीत एका ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट लोकर लागते, टाके बंद करायला तिप्पट ते चौपट. ३० सेमी रुंदीचा मफलर, चार ओळींचा पट्टा: ३० × ३ × ४ म्हणजे ३६० सेमी, अधिक दोन्ही शेपटांचे ३० सेमी. चार मीटरचा तुकडा कापून फुलपाखरासारखा बोटांवर गुंडाळून ठेवायचा.

कापल्याशिवाय तोडायची पाळी आलीच तर कोणती लोकर आहे त्यावर अवलंबून आहे. शुद्ध लोकर, मशीनमध्ये न धुता येणारी, असेल तर दोन बोटांच्या चिमटीत पीळ उलटा फिरवून सैल करायचा आणि हळू ओढायचं. तंतू एकमेकांतून सरकून धागा तुटतो. ॲक्रिलिक आणि नायलॉन मिसळलेली मोज्यांची लोकर अशी तुटत नाही, बोट कापतं. तिला नेलकटर.

जोडण्याचंही तसंच. शुद्ध लोकरीची दोन्ही टोकं ५–६ सेमी उसवून, ओली करून, एकमेकांवर ठेवून तळहातात जोरात चोळली की ती नमद्यासारखी एकजीव होतात, गाठ नाही, शेपूट नाही. सुपरवॉश लोकर आणि ॲक्रिलिक यांत हे होत नाही. सुपरवॉशमध्ये तंतूंचे खवले झाकून किंवा घालवून टाकलेले असतात आणि ॲक्रिलिकला खवलेच नसतात. त्यांना बोथट सुईने टोक त्याच धाग्याच्या पिळात उलटं ओवून जोडायचं.

खिडकीची सीट

तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी कशी ठेवायची यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

स्क्रीनवर लोकर, लाकूड, बांबू, कागद हे सगळं सेंद्रिय म्हणून नारिंगी छटेत दिसतं. धातू निळा ते काळपट. लोकरीच्या गच्च गुंड्यात धातूच्या सुया खुपसून ठेवल्या (आपली सर्वांची सवय) तर नारिंगी गोळ्याच्या मधोमध निळे सुळे दिसतात. बॅग उघडायला लावणारच. शिवाय टोकाने लोकरीचा पीळही फाटतो. सुया गुंड्यात खुपसू नका.

पारदर्शक झिपची पिशवी घ्या. त्यात सुईवर चढलेलं विणकाम, एक गुंडा, बाकी काही नाही. लॅपटॉप ट्रेमध्ये वेगळा ठेवतो तशी ती वेगळी ठेवा. सुईवर निदान ७–८ सेमी विणलेला भाग असावा. मोकळ्या सुया पाहून प्रश्न येतात, अर्धं स्वेटर पाहिलं की काय आहे ते सांगावं लागत नाही. पायमोजा विमानात सुरू करायचा म्हणालात तर घरीच टाके घालून बॉर्डरच्या १५–२० ओळी विणून घ्या.

जवानाशी बोलणं बहुधा हिंदीत होईल. हिंदीत विणायच्या सुईला ‘सलाई’ म्हणतात. ‘सुई है’ म्हटलं तर इंजेक्शनची किंवा शिवणाची सुई समजली जाते आणि बॅग पूर्ण उपसली जाते. ‘स्वेटर बुनने की सलाई है’, एवढं एक वाक्य पुरतं.

लपवायचा प्रयत्न अजिबात नको. पेनांच्या खोक्यात, छत्रीत वगैरे ठेवलेली सुई सापडली की साधी गोष्ट अवघड होते.

मोगरा

खिडकीची सीट, ‘सलाई’ची माहिती लाखमोलाची. सुई नाकारलीच तर परत बाहेर जाऊन चेक-इनमध्ये टाकता येते का?

खिडकीची सीट

तोवर तुमची मोठी बॅग पट्ट्यावरून गेलेली असते. परत जायचं तर विमान कंपनीचा कर्मचारी सोबत लागतो आणि दुसरी बॅग म्हणून ती सोडावी लागते. दोन-तीन सुयांसाठी तेवढा वेळ बहुधा नसतो. आपल्याकडे पोचवायला आलेल्यांना टर्मिनलमध्ये येता येत नाही, त्यामुळे त्यांच्या हाती देणंही जमत नाही. म्हणून महागाचा पूर्ण संच केबिनमध्ये नेऊ नका. लागणारी एक जोडी टोकं जवळ, त्याच मापाची दुसरी जोडी चेक-इनमध्ये.

नऊनंबरी

दुसरी जोडी नेणं फार गरजेचं आहे आणि त्याला आणखी एक कारण आहे. सुई गेली आणि तिकडे विकत घ्यायची वेळ आली तर दुकानात ‘८ नंबर’ मागू नका. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक. ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५, १४ म्हणजे २ मिमी. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ म्हणजे ५ मिमी. ४ मिमीला तिथे ६ म्हणतात.

४च्या जागी ५ मिमी आली तर काय होतं बघा. १० सेमीत २२ ऐवजी साधारण १८ टाके बसतात. छातीचे ११० टाके ५० सेमीच्या जागी ६१ सेमी होतात. बाळाचं स्वेटर दोन वर्षांच्या मुलाचं होऊन बसतं आणि तेही वरचा भाग घट्ट, खालचा सैल. मिलिमीटर सांगा, नंबर सांगू नका.

निळी लड

लोकरीबद्दल.

लड तशीच नेऊ नका. लड उलगडून गुंडाळायला दोन हात पसरावे लागतात किंवा खुर्चीची पाठ लागते, सीटवर ते शक्य नाही आणि गुंता झाला की प्रवासभर सुटत नाही. घरी गुंडाळून घ्या, आणि गोल चेंडूपेक्षा सपाट बुडाची, आतून धागा सुटणारी गुंडी करा. चेंडू सीटखालून पुढे जातो, गुंडी जागेवर बसते.

स्वेटरची लोकर दोन बॅगांत वाटून ठेवू नका. वर्धमान असो, गंगा असो, लेबलवर शेड नंबराबरोबर लॉट नंबर असतो. एकाच शेडच्या दोन लॉटांत उन्हात धरल्यावर फरक दिसतो. चेक-इन बॅग उशिरा पोचली किंवा हरवली तर उरलेल्या बाहीसाठी त्याच लॉटची लोकर शिकागोत मिळणार नाही. बाळाच्या स्वेटरची पूर्ण लोकर म्हणजे फार तर दीडशे ग्रॅम, तीन गुंडे. केबिन बॅगेच्या वजनाच्या मर्यादेत सहज बसते. मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाचशे ग्रॅम लोकर फुगते ती वजनाने कमी, जागेने जास्त. ती हवा काढलेल्या पिशवीत दाबून नेली तरी लोकरीला काही होत नाही, नंतर तासाभरात फुलते.

कोणी ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जात असेल तर: गिरणीत कातलेली, रंगवलेली लोकर आणि मेंढीची कच्ची, न धुतलेली लोकर या वेगळ्या गोष्टी. कच्ची लोकर तिकडच्या जैवसुरक्षा तपासणीत अडकते. सूतकताई करणाऱ्यांनी ती नेऊच नये.

पाचसुया

आता पायमोज्यांचं.

नाव पाचसुया असलं तरी विमानात पाच सुयांवर मोजा विणू नका. २.५ मिमीच्या १५ सेमी लांब पाच काड्या, एक कायम मोकळी. तीच पडते. १०० सेमीची एक गोल सुई घेऊन केबलचा फासा बाहेर काढत विणा, मॅजिक लूप म्हणतात ते. ८० सेमीवरही होतं, पण फासा आखूड पडून कोपऱ्यातले टाके ताणले जातात.

किती काम न्यायचं याचा हिशेब सोपा आहे. बारीक लोकरीत ६४ टाक्यांचा मोजा, सरावाच्या हाताने तासाला अकराशे टाके. जेवण, झोप, रांगा वगळून एका लांब विमानात पाच तास विणकाम होतं असं धरा. साडेपाच हजार टाके म्हणजे सुमारे ८५ फेरे. १ सेमीत सव्वाचार फेरे धरले तर २० सेमी. घोट्यापर्यंतची नळी झाली. मोज्यांची लोकर १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर असते आणि त्यात मोठ्या माणसाची पूर्ण जोडी होते. म्हणजे जाता-येताचं काम एका गुंडीत. लोक चार-चार गुंड्या भरतात, त्याची गरज नाही.

टाच विमानात वळवू नका. तिथे आखूड ओळी मोजाव्या लागतात. नळी विणून झाली की थांबा किंवा दुसरा मोजा सुरू करा.

खिडकीची सीट

रात्रीच्या विमानात दिवे घालवतात आणि डोक्यावरचा दिवा नेमका हातावर सावली पाडतो. काळी, गडद निळी, जांभळी लोकर नेऊ नका, टाके दिसतच नाहीत. गळ्यात घालायचा छोटा दिवा नेणार असाल तर त्यात लिथियम बॅटरी असते, तो केबिनमध्येच ठेवा. पॉवर बँकेचंही तेच, चेक-इनमध्ये चालत नाही.

समोरच्या सीटच्या खिशात विणकाम ठेवू नका. गुडघा लागून बांबूची बारीक सुई मोडते, आणि उतरताना पिशवी तिथेच राहते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पिशवी बंद करून सीटखाली, विमान हलायला लागलं की टोकांना टोपणं.

क्रोशेवाली

नमुना मोबाईलवर असेल तर जाळं नसताना उघडतो का ते घरी बघा. पानाचं चित्र काढून ठेवणं सर्वांत बरं. ओळी मोजायला कागदावर चौकटी आखून घ्या, पेन्सिलीने एकेक भरत जा.

धुण्याचा द्राव नेत असाल तर १०० मिलीच्या वरची बाटली केबिनमध्ये नको. टेप कापडी घ्या, स्टीलची नको.

निळी लड

ॲक्रिलिक विणणाऱ्यांसाठी अजून एक. केबिनमधली हवा फार कोरडी असते, ॲक्रिलिकमध्ये स्थिर वीज साठते आणि धागा हाताला, साडीला, ब्लँकेटला चिकटतो. धातूच्या सुईवर टाके झरझर सरकतात ते वेगळंच. ॲक्रिलिकला विमानात लाकडी किंवा बांबूची सुई बरी, टाके जागेवर राहतात. पण ३ मिमीपेक्षा बारीक बांबू मोडतो, तिथे कार्बनची.

मोगरा

वाचनखूण साठवली. स्वेटर निटप्रोवर चढवलं, ८०ची केबल, लाईफलाईन घातली, टोपणं पिशवीला. कात्री आणि दुसरी जोडी चेक-इनमध्ये.

एकच शेवटचं. नवी केबल पाकिटात गुंडाळलेली होती, तिचा पीळ जात नाही. विणताना सारखी उलटी वळते.

नऊनंबरी

टोकं काढून फक्त केबल गरम पाण्यात मिनिटभर बुडवायची, उकळतं पाणी नको. बाहेर काढून दोन्ही तोंडांना धरून सरळ ताणून गार होईपर्यंत धरून ठेवायची. अजून वळत असेल तर पुन्हा एकदा. तुमच्या केबलवर आता टाके आहेत, तेव्हा दुसरी केबल सरळ करा आणि एक ओळ विणून स्वेटर तिच्यावर घ्या. नव्या केबलवर गेल्यावर लाईफलाईन त्या ओळीच्या खाली राहील, ती तशीच असू द्या. आणि भोकातले पाण्याचे थेंब पुसून घ्या, ओल्या आट्यांवर टोक आवळलेलं लवकर सुटतं.